मोठ्या आवारातील महोत्सवासाठी अभ्यागतांचे ॲप: आराखड्यावर मते हवी आहेत

आराखडाकार

नमस्कार. विद्यापीठासारख्या मोठ्या आवारात भरणाऱ्या आणि सर्वांना खुल्या असलेल्या महोत्सवासाठी अभ्यागतांचे मोबाइल ॲप तयार करण्याचे काम आमच्या लहानशा गटाकडे आले आहे. कार्यक्रम शेकड्यांनी आहेत, ते अनेक इमारतींत आणि मैदानांवर एकाच वेळी चालतात, आणि येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते आवार आधी पाहिलेले नसते. आराखड्याची पहिली मांडणी झाली आहे. प्रत्यक्ष कोड लिहायला घेण्यापूर्वी तिच्यातल्या उणिवा येथील जाणकारांनी दाखवाव्यात, यासाठी हा धागा.

आमचे गृहीतक असे, की हे ॲप घरात निवांत बसून कमी आणि आवारात उभ्याने जास्त उघडले जाईल. वापरणाऱ्याचा एक हात पिशवीत किंवा मुलाच्या हातात गुंतलेला असेल, स्क्रीनवर ऊन पडलेले असेल, बॅटरी निम्म्यावर आलेली असेल, आणि त्याला तीनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतील: आत्ता काय चालू आहे, ते कुठे आहे, आणि तिथे पोहोचेपर्यंत आत जागा उरेल का. म्हणून पहिल्या पानावर स्वागताचा संदेश, मान्यवरांची मनोगते किंवा प्रायोजकांची चित्रे न ठेवता थेट ‘आत्ता आणि पुढच्या तासाभरात’ अशी यादी ठेवली आहे. दुसरे पान नकाशाचे आणि तिसरे ‘माझी यादी’चे, ज्यात निवडलेले कार्यक्रम वेळेच्या क्रमाने दिसतील. नावनोंदणी किंवा पासवर्ड कुठेही मागायचा नाही, कारण कार्यक्रमपत्रिका पाहण्यासाठी कोणी स्वतःची ओळख देण्याचे कारण नाही.

आयोजकांना याखेरीज बरेच काही हवे आहे: गप्पांची खोली, छायाचित्र स्पर्धा, गुणांचा खेळ आणि गर्दीचा जिवंत नकाशा. यातले पहिले तीन आम्ही सध्या बाजूला ठेवले आहेत, चौथ्याबद्दल मात्र आमच्यातच एकमत नाही. ॲपच्या दुकानातून (ॲप स्टोअरमधून) उतरवून घेण्याचे ॲप करावे की ब्राउझरमध्ये चालणारे, नकाशा किती तपशिलाचा असावा, आणि ऐन वेळचे बदल लोकांपर्यंत कसे पोहोचवावेत, या तीन मुद्द्यांवर विशेष सल्ला हवा आहे.

जुनासर्व्हर

पहिल्या पानाचा निर्णय योग्य आहे आणि तो शेवटपर्यंत टिकवा. उद्घाटनाच्या आठवड्यात त्या पानावर हक्क सांगणारे अनेक जण उभे राहतील.

आता नेटवर्कचे. मोबाइलचा एक मनोरा आपली क्षमता त्याच्या परिसरातील सर्व फोनांमध्ये वाटून देतो, त्यामुळे एरवी ज्या मैदानावर व्हिडिओ सुरळीत चालतो, तिथे हजारो माणसे जमल्यावर साधे पान उघडायलाही वेळ लागतो. फोनवर नेटवर्कच्या सगळ्या रेघा दिसत असतात आणि तरीही काही उतरत नाही, कारण त्या रेघा संकेताची ताकद दाखवतात, उरलेली क्षमता दाखवत नाहीत. आवारातील वाय-फायवरही विसंबू नका. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न येणाऱ्या वाहिन्या मोजून तीन असतात, आणि दाट गर्दीत त्यांवर अभ्यागतांच्या फोनांचाच इतका गोंगाट होतो की उपकरणे वाढवूनही फार फरक पडत नाही.

याचा अर्थ ऑफलाइन चालणे ही जादा सोय नसून ॲपचा पाया आहे. पाचशे कार्यक्रमांची नावे, वेळा, स्थळे आणि चार-चार ओळींची वर्णने एका फाइलमध्ये घातली, तर दाबून लहान केल्यावर ती काही शे किलोबाइटांच्या वर जात नाही. जड असतात ती चित्रे. तेव्हा संपूर्ण कार्यक्रमपत्रिका आणि नकाशा पहिल्या उघडण्यातच फोनवर उतरवून घ्या, आणि चित्रे नेटवर्क असेल तेव्हाच मागवा. त्यानंतर ॲपने ठरावीक अंतराने फक्त एवढेच विचारावे, की माझ्याकडे अमुक आवृत्ती आहे, तीत बदल झाला आहे का. बदल नसेल तर सर्व्हरने ३०४, म्हणजे ‘बदल नाही’, हा रिकामा प्रतिसाद द्यावा. ही चौकशी सर्व फोनांनी एकाच क्षणी करू नये, म्हणून प्रत्येक फोनच्या वेळेत काही सेकंदांचा यादृच्छिक फरक ठेवा. अन्यथा दर पाच मिनिटांनी आपलीच माणसे आपल्या सर्व्हरवर धडकतील. हा प्रतिसाद डेटाबेसमधून तयार करू नका. बदल झाला की एक स्थिर फाइल बनवून ती वितरण जाळ्यावर (सीडीएन, म्हणजे ठिकठिकाणच्या सर्व्हरांवर फाइलच्या प्रती ठेवणारी सेवा) ठेवा.

याच संदर्भात एक आग्रह आहे. माहिती शेवटची कधी ताजी झाली, ती वेळ प्रत्येक पानावर दिसली पाहिजे. ‘११.४२ ची माहिती’ असे लिहिलेले असेल, तर १२.३० ला पाहणारा माणूस स्वतःच सावध होतो.

ब्राउझर की दुकान, यात माझे मत ब्राउझरच्या बाजूने आहे. प्रवेशद्वाराशी आलेल्या माणसाला गर्दीतल्या नेटवर्कवर दुकानातून ॲप उतरवायला सांगणे व्यर्थ आहे. क्यूआर कोड स्कॅन केला, पान उघडले आणि त्याच वेळी सर्व माहिती फोनवर साठवली गेली, एवढेच त्याच्याकडून होण्यासारखे असते. शिवाय दुकानांच्या अटी वेळ खातात. गूगलच्या दुकानात नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी बंद चाचणी घ्यावी लागते, आणि आजच्या नियमानुसार तीत किमान १२ परीक्षक सलग १४ दिवस सामील असावे लागतात. संस्थेच्या नावाने खाते असेल तर ही अट नाही, पण असे खाते पडताळून मिळायलाही काळ जातो.

अर्धविराम

जुनासर्व्हर यांच्याशी बहुतांशी सहमत आहे, परंतु ब्राउझरच्या बाजूची अडचणही नोंदवली पाहिजे. आयफोनवर वेब ॲपला सूचना पाठवता येऊ लागल्या त्या २०२३ मध्ये आलेल्या आयओएस १६.४ पासून, आणि त्याही वापरणाऱ्याने ते पान होम स्क्रीनवर ठेवले असेल तरच. किती अभ्यागत तेवढे करतील, याबद्दल मला शंका आहे. तसेच सफारीत नुसते उघडलेले पान सात दिवस हाताळले गेले नाही, तर त्याने साठवलेली माहिती पुसली जाऊ शकते. म्हणजे ज्याने उत्साहाने पंधरा दिवस आधी आपली यादी तयार केली, त्याचीच यादी महोत्सवाच्या दिवशी कोरी निघायची. यावर सोपा उपाय असा, की निवडलेल्या कार्यक्रमांचे क्रमांक एका दुव्यात साठवून तो दुवा वापरणाऱ्याला स्वतःलाच पाठवता यावा. खाते न उघडता यादी टिकते, आणि कुटुंबातल्या दुसऱ्या माणसालाही देता येते.

सूचनांबद्दल माझे मत कडक आहे. अँड्रॉइड १३ पासून तिथेही ॲपला सूचनांची परवानगी विचारावी लागते, आयफोनवर तर ती आधीपासूनच लागत असे. ॲप उघडताच ही परवानगी मागितली, तर बहुतेक लोक नकार देतील आणि तो नकार सहसा कायमचा ठरेल. पहिला कार्यक्रम यादीत टाकल्यावर ‘याची वेळ किंवा जागा बदलली तर कळवू का?’ असे विचारावे, कारण त्या क्षणी परवानगी देण्याचे कारण माणसाला समोर दिसत असते. आणि मग दिलेला शब्द पाळावा. यादीतल्या कार्यक्रमातील बदल आणि सुरक्षेची सूचना, या दोनच गोष्टींसाठी फोन वाजावा. खाद्यपदार्थांच्या दालनावरील सवलतीसाठी एकदा जरी वाजला, तरी लोक सूचना बंद करतात, आणि मग स्थळ बदलल्याची खबरही त्यांच्यापर्यंत जात नाही.

शोधाच्या चौकटीबद्दल थोडे. शोध ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घालणारा असावा आणि रोमन लिपीत टंकलेले मराठी शब्दही त्याने ओळखावेत. युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे अक्षर एका संकेतानेही लिहिता येते आणि ‘र’ला नुक्ता (अक्षराखालचा टिंब) जोडूनही. दोन्ही दिसायला सारखी असली, तरी प्रमाणीकरण केले नाही, म्हणजे दोन्ही एकाच रूपात आणली नाहीत, तर शोधाला ती वेगळी वाटतात.

रॅम्पशोधक

नकाशाबद्दल सविस्तर लिहितो, कारण चाकाच्या खुर्चीवरून फिरणाऱ्याला चुकीचा नकाशा जितका महागात पडतो तितका इतरांना पडत नाही.

बहुतेक ॲपांत इमारतीची खूण तिच्या छपराच्या मध्यावर लावलेली असते. अभ्यागताला छप्पर नको असते, दार हवे असते. मोठ्या इमारतीला चार दारे असतात, त्यांतली दोन महोत्सवात बंद असतात, एक फक्त कलाकारांसाठी असते आणि उरलेले एक मागच्या बाजूला असते. म्हणून प्रत्येक स्थळासाठी खुल्या दाराचे अक्षांश-रेखांश वेगळे नोंदवा, आणि पायऱ्यांशिवाय आत नेणारे दार निराळे असेल तर तेही. मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनचे जीपीएस सुमारे ५ मीटरपर्यंत अचूक असते. उंच इमारतींच्या मधल्या बोळात ते त्याहून बरेच भरकटते, आणि माणूस कोणत्या मजल्यावर आहे हे त्यावर भरवशाने कळत नाही. तेव्हा इमारतीच्या आत निळ्या ठिपक्याच्या भरवशावर कोणाला सोडू नका. तिथे ‘मुख्य दाराने आत या, उजवीकडे लिफ्ट आहे, दुसऱ्या मजल्यावर डावीकडचे तिसरे दालन’ असे एक वाक्य नकाशापेक्षा अधिक उपयोगी पडते. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय) वापरणाऱ्या अंध अभ्यागतालाही तेच वाक्य ऐकता येते, हा त्याचा दुसरा फायदा.

आधारासाठी ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा, घेतलात तर पायऱ्या, प्रवेशद्वारे आणि चाकाच्या खुर्चीसाठीची सोय यांच्या नोंदींना तिथे आधीच ठरलेली पद्धत आहे. आपल्या आवाराची माहिती अपुरी असेल तर ती तिथेच भरा, म्हणजे महोत्सव संपल्यावरही कोणाच्या तरी उपयोगी पडेल. दोन पथ्ये मात्र पाळा: श्रेयाचा उल्लेख नकाशावर दिसला पाहिजे, आणि त्यांच्या सार्वजनिक सर्व्हरवरून ऑफलाइन वापरासाठी नकाशाचे तुकडे घाऊक उतरवू नयेत, कारण त्यांच्या वापरधोरणात त्याला मनाई आहे. आवारापुरती मूळ माहिती घेऊन नकाशा स्वतः तयार करा.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे महोत्सवातले आवार रोजचे आवार नसते. कठडे लागतात, मंडपाच्या दोऱ्या पायवाटेवर येतात, एरवी खुला असलेला उतार जनरेटरच्या गाडीने अडतो. त्यामुळे रोजच्या नकाशावर एक तात्पुरता थर असला पाहिजे, जो मंडप उभे राहिल्यानंतर कोणीतरी प्रत्यक्ष चालून, आणि शक्य असल्यास चाकाच्या खुर्चीवरून फिरून, तपासलेला असेल. उतार १:१२ (बारा मीटर लांबीत एक मीटर चढ) पेक्षा तीव्र असेल तर तसे स्पष्ट लिहावे. ‘सुगम’ असा शिक्का मारून मोकळे होऊ नये. जाण्यायेण्याचे रस्ते सुचवताना ‘पायऱ्या टाळा’ ही निवड एकदा केली की ती कायम लक्षात राहावी.

स्क्रीनच्या रचनेबाबत इतकेच, की ‘जागा आहे’ हिरव्या आणि ‘भरले’ लाल ठिपक्याने दाखवू नका, शब्दही लिहा. या दोन रंगांतला फरक न कळणारे लोक, विशेषतः पुरुषांमध्ये, पुष्कळ असतात. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातील तफावत डब्ल्यूसीएजीच्या (वेबवरील मजकूर सर्वांना वापरता यावा यासाठीच्या मार्गदर्शक सूचनांच्या) निकषाप्रमाणे निदान ४.५:१ असावी, आणि उन्हाचा विचार केला तर त्याहून अधिकच.

पडद्यामागचा

महोत्सवांच्या व्यवस्थेत काम केलेला माणूस म्हणून एक गोष्ट आधी सांगतो: ॲप कोड चुकल्यामुळे क्वचित फसते, बहुतेक वेळा ते कोणीही माहिती न बदलल्यामुळे फसते. वरची चर्चा उत्तम आहे, पण कार्यक्रम अर्धा तास उशिरा सुरू होणार हे ॲपमध्ये नेमके कोण, कोणत्या फोनवरून, कोणाला विचारून लिहिणार, हा प्रश्न अजून कोणीच काढलेला नाही.

सर्वसाधारणपणे असे होते. मंचावरच्या माणसाला उशीर कळतो. तो ते व्यवस्थापकाला सांगतो, व्यवस्थापक नियंत्रण कक्षाच्या गटात संदेश टाकतो, त्या गटात त्या वेळी पाण्याच्या टाकीची चर्चा चालू असते, आणि ॲपचे काम पाहणारा विद्यार्थी तो संदेश पाहतो तेव्हा कार्यक्रम सुरू झालेला असतो. यावर उपाय एकच: प्रत्येक स्थळावर एका नेमलेल्या माणसाला, आणि तो जेवायला गेल्यावर दुसऱ्याला, आपल्या स्थळापुरता बदल थेट करण्याचा अधिकार द्या. त्यासाठी निराळे छोटे पान करा, ज्यावर मोजकी बटणे असतील: उशीर, स्थळबदल, रद्द, आणि जागेची स्थिती. उशीर आणि जागेची स्थिती यांना वरिष्ठांची मंजुरी लागू नये. रद्द करणे आणि स्थळ बदलणे यांना नियंत्रण कक्षाने एका दाबात दुजोरा द्यावा. मंजुरीची साखळी जितकी लांब, तितकी ॲपवरची माहिती शिळी.

उशिराच्या बटणात एक बारकावा आहे. मैदानावरचा मंच अर्धा तास मागे पडला की त्याच मंचावरचे पुढचे कार्यक्रमही मागे पडतात, परंतु मध्ये विश्रांती असेल तर ती काही उशीर गिळते, आणि एखाद्या पाहुण्याची वेळ हलवता येण्यासारखी नसते. म्हणून बटण दाबल्यावर ‘पुढचे कार्यक्रमही सरकवायचे का?’ असे विचारून प्रत्येकाची नवी वेळ समोर दाखवावी आणि ती हाताने सुधारता यावी. पावसासाठी प्रत्येक उघड्या स्थळापुढे पर्यायी जागा आधीच भरून ठेवावी, म्हणजे ढग आल्यावर कोणाला टंकत बसावे लागणार नाही.

रद्द झालेला कार्यक्रम यादीतून नाहीसा करू नका. ज्याने तो मनात धरला आहे तो शोधत राहतो, सापडला नाही की ॲप बिघडले असे समजतो आणि चौकशी कक्षापुढे येऊन उभा राहतो. तो जागेवरच ठेवा, त्यावर ‘रद्द’ असे ठळक लिहा, आणि त्याच वेळी जवळपास चालणारे दुसरे काही खाली दाखवा. प्रत्येक कार्यक्रमाला कायम क्रमांक असावा, कारण नावे शेवटपर्यंत बदलत असतात आणि नावावर बांधलेली निवड नाव बदलताच तुटते.

मध्यरात्रीनंतरच्या कार्यक्रमांचा घोळ हमखास होतो. शनिवारी रात्री एक वाजता असलेली मैफल तारखेने रविवारची असते, पण लोक ती शनिवारच्या पानावर शोधतात. दिवस मध्यरात्री न बदलता पहाटे पाचला बदलतो असे यादीपुरते धरा, आणि कार्यक्रमाच्या पानावर दोन्ही वार लिहा: ‘शनिवारची रात्र, रविवार पहाटे १.००’.

शेवटचे म्हणजे ही माहिती एकाच ठिकाणी असावी. ॲप, संकेतस्थळ, प्रवेशद्वारावरचा मोठा पडदा, ध्वनिक्षेपकावर बोलणाऱ्याच्या हातातला कागद आणि चौकशी कक्षातला संगणक, या सर्वांनी तीच फाइल वाचावी. चौकशी कक्षातला स्वयंसेवक एक सांगतो आणि ॲप दुसरे दाखवते असे एकदा झाले, की लोक दोघांवरही विश्वास ठेवत नाहीत.

आराखडाकार

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पडद्यामागचा यांच्या प्रतिसादानंतर आमच्या कामाचा क्रम उलटा झाला आहे: अभ्यागतांच्या पानांआधी स्थळप्रमुखांचे पान करायचे ठरले आहे, आणि स्थळप्रमुखांची यादी आयोजकांकडून लेखी मागितली आहे. ब्राउझरमध्ये चालणारे ॲप हाच मुख्य मार्ग राहील. दुकानातले ॲप पहिल्या वर्षी नाही.

फोनच्या कॅलेंडरमध्ये कार्यक्रम टाकण्याची सोय द्यावी का, असे आमच्यातील एकाने विचारले आहे. तसेच गर्दीच्या नकाशाचा प्रश्न उरतोच. आयोजकांचे म्हणणे असे, की प्रत्येक फोनचे स्थान दर मिनिटाला घेतले तर कुठे किती लोक आहेत ते कळेल आणि सुरक्षाही राखता येईल. मला हे पटत नाही, परंतु नकारासाठी नुसती नापसंती पुरेशी नाही.

जुनासर्व्हर

कॅलेंडरची सोय द्या, पण तिची मर्यादा तिथेच लिहा. एकदा उतरवलेली नोंद नंतर आपोआप बदलत नाही, आणि वर्गणीच्या पद्धतीने (सबस्क्रिप्शनने, म्हणजे दुव्यावरून स्वतःहून ताजे होणारे) जोडलेले कॅलेंडर किती वेळाने ताजे करायचे ते त्या त्या कॅलेंडर ॲपच्या हातात असते. त्यात तासन्‌तास जाऊ शकतात. नोंदीच्या वर्णनात ‘निघण्यापूर्वी ॲपमध्ये वेळ पाहा’ असे वाक्य आणि दुवा ठेवा.

गर्दीच्या नकाशाला तांत्रिक कारणांनीच नकार देता येतो. आपण निवडलेल्या मार्गाने ते शक्यच नाही: ब्राउझरमधले पान बंद असताना किंवा फोन खिशात असताना त्याला स्थान घेता येत नाही. दुकानातले ॲप असते तरी स्थानाची परवानगी देणारे थोडे, त्यांतले नेटवर्क मिळालेले त्याहून थोडे, आणि इमारतींत स्थान भरकटलेले. अशा आकड्यांवरून रंगवलेला नकाशा दिसायला नेमका आणि प्रत्यक्षात अंदाजपंचे असेल. त्यातून सतत जीपीएस चालू ठेवल्याने बॅटरी संपते, आणि बॅटरी संपलेल्या माणसाला आपला ऑफलाइन नकाशाही दिसत नाही. स्थान फक्त नकाशाचे पान उघडे असताना, फोनवरच वापरावे. सर्व्हरकडे ते जाऊच नये. जे गोळा केले नाही ते सांभाळावे लागत नाही आणि गळतही नाही.

जाता जाता: बॅटरी वाचते म्हणून काळी पार्श्वभूमी कायमची ठेवू नका. भर उन्हात काळ्या पानावरची पांढरी अक्षरे वाचवत नाहीत. दिवसा उजळ, रात्री गडद, आणि बदलण्याचे बटण समोर.

पडद्यामागचा

सुरक्षेच्या बाजूनेही उत्तर तेच आहे. उभ्या गर्दीत एका चौरस मीटरमध्ये पाचाहून अधिक माणसे झाली की माणसाच्या हालचालीवर त्याचा स्वतःचा ताबा राहत नाही आणि धोका झपाट्याने वाढतो. ही दाटी मिनिटांत होते. ती ओळखण्याचे काम दारावरच्या प्रशिक्षित माणसाचे, कॅमेऱ्याचे आणि मोजणी करून आत सोडण्याच्या पद्धतीचे आहे. अभ्यागताच्या फोनवर ते टाकणे म्हणजे जबाबदारी झटकणे होय. शिवाय गर्दीचा नकाशा सर्वांना दाखवला तर त्याचा परिणाम उलटाही होतो, कारण जिथे गर्दी तिथे काहीतरी पाहण्यासारखे असणार, असे समजून लोक तिकडेच वळतात.

ॲपने करण्यासारखे आहे ते असे: स्थळ भरले की तिथे निघालेल्यांना वाटेतच ते कळावे, आणि दुसरी वाट किंवा दुसरा कार्यक्रम सुचवला जावा. प्रत्यक्ष आणीबाणीत ध्वनिक्षेपक आणि माणसे हेच मुख्य साधन. ॲपवरचा संदेश त्याला पूरक. त्या संदेशांचे मसुदे महोत्सवापूर्वीच लिहून, सुरक्षाप्रमुखांकडून तपासून, कुलूपबंद ठेवा. गोंधळाच्या क्षणी वाक्यरचना करण्याची वेळ कोणावर येऊ नये. जमा होण्याच्या जागा आणि प्रथमोपचार केंद्रे नकाशावर ऑफलाइन असायलाच हवीत.

हरवलेल्या मुलांसाठी आयोजक ॲपवर छायाचित्र टाकण्याचा आग्रह धरतील. तो मानू नका. सापडलेल्या मुलाचे नाव आणि चित्र हजारो फोनांवर गेले, तर ते मूल आपले आहे असे सांगणारा नको तो माणूसही येऊ शकतो. ॲपमध्ये केवळ मदतकेंद्राची जागा आणि ‘मूल हरवले आहे’ असे एक बटण असावे, जे थेट तिथे फोन लावेल.

रॅम्पशोधक

चाचणीबद्दल एक विनंती. ती प्रयोगशाळेत बसून न घेता मंडप उभे राहिल्यानंतर आवारातच घ्या. आवार न पाहिलेल्या काही माणसांना प्रवेशद्वारापाशी उभे करा, फोन विमान अवस्थेत टाकायला सांगा, आणि ‘तिसऱ्या मजल्यावरच्या अमुक दालनात पोहोचा’ एवढेच सांगून मागून न बोलता चाला. कुठे थांबतात, कुठे मान वर करून पाटी शोधतात, ते टिपा. त्यात एक वयस्कर माणूस, एक चाकाच्या खुर्चीवरचा आणि एक स्क्रीन रीडर वापरणारा असावा, आणि फोनांत एक तरी जुना, कमी स्मृतीचा असावा. पाटीवरचे नाव आणि ॲपमधले नाव अक्षरशः एकच आहे का, तेही तेव्हाच तपासा. ॲपमध्ये जुन्या देणगीदाराच्या नावाचे सभागृह आणि पाटीवर नुसता इमारतीचा क्रमांक, असे पुष्कळदा असते.

अर्धविराम

प्रवेशद्वारावरच्या क्यूआर कोडबद्दल एक व्यवहारी सूचना. ज्या अंतरावरून तो स्कॅन व्हावा असे वाटते, त्याच्या साधारण एक दशांश इतकी त्याची बाजू असावी. तीन मीटरांवरून स्कॅन व्हायचा असेल तर बाजू तीस सेंटिमीटर. तो चकचकीत कागदावर छापू नका, आणि त्याखाली पत्ता अक्षरांतही लिहा. रांगेत उभे असतानाच तो समोर यावा, दार ओलांडल्यावर नव्हे, कारण रांगेत माणसाला वेळ असतो आणि दारातून आत गेल्यावर मागचे ढकलत असतात. शक्य असेल तर बसथांबा आणि वाहनतळ येथेही लावा. तिथले नेटवर्क सहसा मोकळे असते, आणि तिथे एकदा पान उघडले गेले की पुढे आवारात ते ऑफलाइन चालते.

आराखडाकार

गर्दीचा नकाशा वगळल्याचे आयोजकांना वरील कारणांसह कळवले आहे आणि त्यांनी ते मान्य केले आहे. त्याऐवजी स्थळप्रमुखांकडून येणारी तीन शब्दांतली स्थिती दाखवायची आहे: ‘जागा आहे’, ‘थोडी जागा’, ‘भरले’.

एकाच गोष्टीवर अडलो आहोत. स्थळप्रमुख ‘भरले’ हे बटण आठवणीने दाबेल, कारण तेव्हा त्याच्या दारात लोक उभे असतात. पण पुढे लोक बाहेर पडले की ‘जागा आहे’ दाबायला तो विसरेल. मग रिकामे दालन ॲपवर भरलेलेच दिसत राहील. ठरावीक वेळाने ही स्थिती आपोआप पुसावी, असे काहींचे मत आहे. पण खरोखर भरलेल्या ठिकाणची खूण पुसली गेली, तर लोकांना नाहक पायपीट होईल.

पडद्यामागचा

आपोआप ‘जागा आहे’ कधीच करू नका. कार्यक्रम संपताच स्थिती पुसा, कारण बहुतेक दालने तेव्हा रिकामी होतात. कार्यक्रम चालू असताना वीस मिनिटे बटण दाबले गेले नाही, तर ‘भरले’च्या जागी ‘२.१० वाजता भरलेले होते’ असे दाखवा आणि स्थळप्रमुखाच्या फोनला एकदा आठवण पाठवा. दिवसभर चालणाऱ्या प्रदर्शनांना हा हिशेब लागू पडत नाही. तिथे रांगेच्या टोकाशी उभ्या असलेल्या स्वयंसेवकाकडे बटण द्या. आतला माणूस रांग पाहत नसतो.

आराखडाकार

हे स्वीकारले. प्रदर्शनांच्या दालनांसाठी रांगेवरच्या स्वयंसेवकांचे वेगळे खाते करत आहोत, त्यांना फक्त स्थितीची तीन बटणे दिसतील.